'ऑनलाइन अर्ज केलाय ना? मग आता त्याची प्रिंट घेऊन या' – आपल्या खान्देशात कागद खरंच गेलाय असं एक तरी ऑफिस आहे का?

तापीकाठचा (धागाकर्ता)

रामराम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

वडील मागच्या वर्षी गेले. शेत तापीकाठी, तालुका मुद्दाम सांगत नाही कारण तिथले तलाठी आप्पा माणूस म्हणून चांगले आहेत आणि हा धागा त्यांच्याबद्दल नाहीच. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण गावात अजून आप्पाच.) मी चाकणला नोकरीला. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या महसूल खात्याच्या पोर्टलवर रात्री अकरा वाजता घरी बसून केला, अर्ज क्रमांक आला, बायकोला म्हटलं बघ, याला म्हणतात डिजिटल इंडिया. नवव्या दिवशी फोन. "दादा अर्ज दिसतोय, पण त्याची प्रिंट, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स असा एक सेट घेऊन या एकदा."

सुट्टी टाकली, महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली, गेलो. आप्पांनी मीच अपलोड केलेल्या कागदांचा मीच आणलेला सेट घेतला, पंच केला, टॅग बांधला आणि वर पेनने ऑनलाइन अर्जाचा नंबर लिहिला. मी म्हटलं आप्पा हे सगळं तर तुमच्या स्क्रीनवर आहे ना? ते म्हणे, "आहे ना, पण तपासणीला साहेब आले की फाइल मागतात, स्क्रीन कोणी मागत नाही."

त्यात अजून एक घोळ निघाला. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावात आजोबांच्या नावातल्या 'क'चा 'फ' झालाय. जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर बरोबर होतं, कॉम्प्युटरवर चढवताना चुकलं. २०१७ ला गावोगावी चावडी वाचन झालं, चुका सापडाव्यात म्हणूनच होतं ते, वडील स्वतः हजर होते. पण वाचणारा भरभर वाचत होता आणि आपलं नाव चुकीचं वाचलं तरी माणूस ते बरोबरच ऐकतो. आता कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे दुसरी फाइल, दुसरा टॅग.

मग परवा वाचलं की आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातल्या रोहिणी ग्रामपंचायतीला २०२५ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स पुरस्कारांत ग्रामपंचायतींच्या गटात सुवर्ण मिळालं. देशात पहिलं, भो! सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी पट्टा आहे तो. म्हटलं मग आमच्याकडे काय अडतंय? तुमच्याकडे कुठे कागद खरंच गेला असेल तर सांगा, नुसत्या शिव्या देऊ नका, त्या मी गाडीत देऊन झाल्यात.

खापरावरचे_मांडे

पहिली मी 😄 प्रतिज्ञापत्र कितीच्या स्टॅम्पवर केलं? ऑक्टोबर २०२४ ला शंभरचा स्टॅम्प पाचशेचा झाला आणि मग २०२५ ला सरकारने सांगितलं की दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. आमच्या इथे स्टॅम्पवाल्याच्या टपरीवर ही बातमी अजून पोचलेली नाही.

तापीकाठचा

पाचशेच्या. विचारू नका.

निवृत्त_अव्वल_कारकून

मी ३४ वर्षं महसुलात काढली, धुळे आणि नंदुरबार दोन्हीकडे, म्हणून जरा दुसरी बाजू मांडतो. तुमचे आप्पा बरोबर बोलले. गावदप्तर अजून अँडरसनच्या मॅन्युअलवर चालतं, इंग्रजांच्या काळातलं, एक ते एकवीस गाव नमुने, त्यातला सात आणि बारा मिळून तुमचा सातबारा. त्या पद्धतीत प्रत्येक कागदाला एक जागा आणि त्या जागेला एक जबाबदार माणूस असतो. कॉम्प्युटर आला तेव्हा नमुने स्क्रीनवर गेले पण जबाबदारी कागदावरच राहिली. उद्या नोंद कोर्टात गेली तर कारकुनाला विचारतात मूळ कागद कुठाय. सर्व्हर डाऊन होता हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरं म्हणजे सुधारणा करायला कॉम्प्युटरच लागतो असं नाही. नगरला अनिलकुमार लखीना साहेब जिल्हाधिकारी होते, ऐंशीच्या दशकात, त्यांनी जे केलं त्याला पुढे लखीना पॅटर्नच म्हणायला लागले. कॉम्प्युटर नव्हताच. जुने गठ्ठे सोडवले, अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क दहा, ड एक वर्ष, नियम आधीपासून होता पण पाळत कोण होतं? मुदत संपलेलं काढून टाकलं, उरलेलं याद्या लावून मांडलं, टेबलं अशी लावली की आत येणाऱ्याला कोण कुठे बसतं ते दिसावं. माणसाला फाइल दहा मिनिटांत सापडायला लागली. पुढे २०१७ च्या आसपास पुणे विभागात आयुक्त दळवी साहेबांनी झिरो पेंडन्सी, म्हणजे तुंबलेल्या फाइली निकाली काढायची मोहीम आणली, तीही त्याच वाटेची. माझा अनुभव असा की ज्या ऑफिसात गठ्ठे लागलेले नव्हते तिथे स्कॅनिंग करून नुसता कचऱ्याचा फोटो निघाला.

बिनरेंजचा_धडगावकर

काका शेवटचं वाक्य भारी 👌

सेवाकेंद्र_चालक

सगळे आम्हालाच शिव्या देतात म्हणून लिहितो. मी ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, आधी संग्राम होतं तेव्हापासून, २०११ पासून बघतोय, बोर्ड तीनदा बदलला खुर्ची तीच आहे. तुम्हाला वाटतं बटण दाबलं की दाखला. फोटो ५ ते २० केबीतच पाहिजे, कागद ७५ ते ५०० केबीत, म्हातारा माणूस कागद आणतो घडी घातलेला, तेलकट, लॅमिनेशन केलेला, तो स्कॅन केला तर दिसत नाही आणि दिसेल असा केला तर साइज वाढते, मग कमी करत बसा, तोवर ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा सुरतला कामाला, त्याला फोन लावला तर तो मशीनवर, ब्रेकमध्ये उचलतो, तोवर ओटीपी मेलेला. कितीतरी वर्षं दाखल्याची फी ३३ रुपये ६० पैसे होती, त्यातला माझा वाटा किती येत असेल करा हिशोब. काही जण दोनशे घेतात हे खरंय, मी समर्थन करत नाही, पण पावतीवरच्या आकड्यात दुकानाचं लाइटबिल पण निघत नाही हे पण खरंय.

साक्रीची_पोर

दादा पावती मागितली तर देता का पण? आमच्याकडे मागितली तर केंद्रवाल्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याची किडनी मागितली.

सेवाकेंद्र_चालक

मी देतो. आणि ताई तुम्ही मागतच जा, कारण त्या पावतीवरच्या तारखेवर सगळं अवलंबून असतं.

वकील_नाही_पण

हे फार महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. सेवा जर अधिसूचित असेल तर तिला दिवसांची मुदत ठरलेली असते आणि ती बोर्डावर लावणं ऑफिसला बंधनकारक आहे. मुदत गेली किंवा कारण न देता नाकारलं तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्याकडे, मग दुसरं अपील, त्यानंतर आयोग. अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. आता गंमत बघा, 'प्रिंट घेऊन या' म्हणून जे फोन येतात ना, त्यात बऱ्याचदा घड्याळ थांबवायचा हेतू असतो, अर्ज अपूर्ण होता असं दाखवता येतं. म्हणून फोनवर हो म्हणायचं आणि सांगायचं की साहेब त्रुटी पोर्टलवरच कळवा. अर्ध्या वेळा त्रुटी गायबच होते.

तापीकाठचा

हे आधी माहीत असतं तर रजा वाचली असती राव.

निवृत्त_अव्वल_कारकून

घड्याळ थांबवायचा हेतू वगैरे नेहमीच नसतो हो. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जांचा (सज्जा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) चार्ज असतो. पण पोर्टलवर त्रुटी मागा हे मात्र योग्य सांगितलंत, लेखी असलेलं कर्मचाऱ्यालाही बरं पडतं.

बिनरेंजचा_धडगावकर

मंडळी तुम्ही सपाटीवरचे. आमच्याकडचं ऐका. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड वाटलं ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. म्हणजे देशाच्या डिजिटल ओळखीची सुरुवात आमच्या जिल्ह्यातून झाली आणि त्याच जिल्ह्यात, धडगावच्या वरच्या पाड्यांवर, अंगठा लावायला मशीन घेऊन टेकडीवर चढावं लागतं. मी शिक्षक आहे. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची म्हणजे दुसऱ्या पाड्याच्या एका मोहाच्या झाडाखाली जायचं, तिथे दोन कांड्या येतात. त्या झाडाखाली आशाताई, अंगणवाडी ताई, रेशनवाला आणि मी, चौघं भेटतो. आमचं तालुका मुख्यालय तेच समजा 😂

पण एक सांगतो, वनपट्ट्यांच्या बाबतीत कागद गेला नाही तेच बरं झालं असं वाटतं. वनहक्क कायदा २००६ चा, दावे केले तेव्हा लोकांनी जे पुरावे दिले, पावत्या, जुने दंड, त्यांच्या झेरॉक्स घरात पत्र्याच्या पेटीत आहेत म्हणून तरी अपील करता येतं. सिस्टिमवर 'अमान्य' एवढा एक शब्द दिसतो, का अमान्य ते दिसत नाही.

साक्रीची_पोर

हे खूप खरंय. माझा अनुभव जातपडताळणीचा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, एसटीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, प्रत्येकाची तारीख वेगळी. माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असणार हे सगळ्यांना माहीत होतं पण कुठल्या पानावर? तहसीलला मी चार चकरा मारल्या. शिपाईकाका गठ्ठा काढायचे, धूळ झटकायचे, पानं हातात तुटायची, त्यातही अर्धं मोडीत, वाचणारं कोणी नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, मोडीचे जाणकार मला त्यांच्याच ओळखीने भेटले.

पुढे २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला सगळ्या जिल्ह्यात जुनी दप्तरं उघडली, स्कॅन झाली, पोर्टलवर पण टाकली. माझ्या मैत्रिणीला त्यात बघायचं होतं. आता स्कॅन आहे, छान रंगीत, पण यादी नाही! गाव निवडा आणि मग शे-दीडशे पानं एकेक उघडत बसा, नाव टाकून शोधता येत नाही कारण ते फोटो आहेत आणि तेही मोडीचे. चकरा वाचल्या हे मान्य, पण डोळे गेले.

रावेरी_केळीवाला

कारकून काका म्हणाले ते कचऱ्याचा फोटो ते हेच का?

साक्रीची_पोर

नाही हो, कचरा नका म्हणू, सोनं आहे ते. फक्त कुणीतरी बसून गावनिहाय, वर्षनिहाय, नावनिहाय यादी करायला पाहिजे. मोडी शिकलेली कितीतरी मुलं आहेत, त्यांना पानामागे पैसे द्या ना, एका उन्हाळ्यात तालुका होईल.

जळगावचा_कोडर

याच्यावरच बोलायचं होतं. हे काम कोणी करायचं म्हटलं तर जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळा निधी ठेवलेला असतो. त्यातून हे सहज बसेल. पण तो निधी बहुतेक वेळा जातो कशात, तर वस्तू घेण्यात, कारण वस्तू दिसते, फीत कापता येते, मोडी वाचणाऱ्या पोरीचा फोटो काय काढणार.

आम्ही तिघा मित्रांनी कॉलेज संपल्यावर एका ग्रामपंचायतीसाठी घरपट्टीचं छोटं सॉफ्टवेअर केलं होतं. ग्रामसेवक भाऊसाहेब हौशी, सरपंच ताई पण तयार. नमुना आठची आकारणी, नऊची मागणी, दहाची पावती, तिन्ही जोडलं, प्रत्येक घराच्या दारावर क्यूआर, स्कॅन केलं की थकबाकी दिसते, भरलं की मेसेज. मुंबईची पोरं तिथून घरपट्टी भरायला लागली, खरंच. मग दोन गोष्टी झाल्या. एक, भाऊसाहेबांची बदली. नवीन आले ते म्हणे मला सरकारी सॉफ्टवेअरमध्ये भरावंच लागतं, तुमच्यात परत कशाला भरू? बरोबरच होतं त्यांचं! एकच पावती वहीत, सरकारी पोर्टलवर आणि आमच्यात, तीनदा कोण लिहील. आम्ही म्हटलं जोडून द्या, तर जोडायची परवानगी गावाच्या काय जिल्ह्याच्याही हातात नाही. दुसरं, पैसे. काम झालं होतं फुकट, हौसेने. पुढच्या वर्षी देखभालीचे थोडे मागितले तर टेंडर काढावं लागेल म्हणाले आणि टेंडरमध्ये तीन वर्षांची उलाढाल. आम्ही तिघांची मिळून उलाढाल म्हणजे दोन बाइक आणि एक लॅपटॉप.

दारावरचे क्यूआर अजून आहेत. स्कॅन केलं तर पान सापडत नाही असं येतं.

वकील_नाही_पण

स्टार्टअप नोंदणी केली असती तर अनुभव आणि उलाढालीच्या अटीत सूट मिळते. शिवाय राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीचा स्टार्टअप वीक असतो २०१८ पासून, निवडलेल्यांना सरकारी खात्यात प्रत्यक्ष वापरून बघायला १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर मिळायची.

जळगावचा_कोडर

माहितीये भाऊ, नंतर कळलं. बांभोरीच्या बाजूला आपल्या विद्यापीठातही इनक्युबेशन सेंटर आहे. पण मुद्दा पैशाचा कमी आणि जोडणीचा जास्त आहे. मला १५ लाख नको होते, मला पोर्टलचा दरवाजा उघडून पाहिजे होता. रोहिणीचं कौतुक मला म्हणूनच जास्त वाटतं, बक्षिसापेक्षा, की गावाने स्वतः पुढाकार घेतला. आता बघायचं एवढंच की बदल्या झाल्यावर काय राहतं.

रावेरी_केळीवाला

सगळंच वाईट नाही हो. ई-पीक पाहणी बघा. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर आली तेव्हा मीच सगळ्यात जास्त ओरडलो होतो, म्हटलं तलाठ्याचं काम आमच्या गळ्यात. पण आधी काय व्हायचं, आप्पा पारावर बसून अंदाजाने पीक लिहायचे, माझ्या केळीत दोन वर्षं ज्वारी होती कागदावर! विमा काढायला गेलो की वाद. आता मीच बांधावर उभं राहून फोटो काढतो, केळी म्हणजे केळी. वयस्कर लोकांना जमत नाही हे खरंय, आमच्या गल्लीत माझा पुतण्या सगळ्यांचं करून देतो, मोबदला एक पाव वडा. कापसाचंही आता तसंच, २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा म्हणून कपास किसान ॲपवर नाव घालावं लागलं, तिथेही पोरगाच लागला.

आणि जिवंत सातबारा मोहीम विसरू नका. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली, मग १ एप्रिल २०२५ पासून सगळ्या राज्यात नेली. मेलेल्यांची नावं काढून वारस लावायची. एका जिल्ह्याने करून बघितलं म्हणून राज्याने घेतलं. तापीकाठचे भाऊ, तुमचं त्यातच झालं असतं, गावात कॅम्प लागला असेल तेव्हा.

तापीकाठचा

वडील तेव्हा जिवंत होते हो. मोहिमेनंतर गेले.

रावेरी_केळीवाला

माफ करा भाऊ. बोलायच्या ओघात गेलं.

अमळनेरना_भाचा

आम्हना गावमा टॉवर शे पन रेंज नही. ग्रामसेवक म्हनस ऑनलाइन करा, ऑनलाइनवाला म्हनस ग्रामसेवककडे जा. आम्ही आपला एसटीमाच राहतस. पास काढी ठेयेल शे 😀

खापरावरचे_मांडे

मामा 😂😂 आता व्हॉट्सॲपवर पण सरकारी सेवा येणार म्हणे, २०२५ ला करार झालाय. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये माझा उत्पन्नाचा दाखला शोधावा लागणार.

निवृत्त_अव्वल_कारकून

कोडर पोरा, एक सुचवतो. परत करायचं झालं तर पावतीपासून सुरू करू नको. आवक नोंदवहीपासून कर. ग्रामपंचायतीत आलेला अर्ज कुठल्या तारखेला आला, कोणाकडे आहे, एवढंच बाहेर फळ्यावर किंवा मोबाइलवर दिसू दे. ते कुठल्याही पोर्टलला जोडावं लागत नाही, टेंडर लागत नाही आणि निम्म्या लोकांना ऑफिसात यायचं कारण एवढंच असतं की माझा कागद कुठाय. आम्ही एका तहसीलला नव्वदच्या दशकात हे खडूने केलं होतं. गर्दी कमी झाली. मग फळा रंगवायला नेला तो आलाच नाही.

जळगावचा_कोडर

काका तुमच्याशी बोलायला येतो एकदा, धुळ्यात कुठे असता? व्यनि करतो.

तापीकाठचा

अपडेट, सव्वादोन महिन्यांनी. धागा वर आणतोय त्याबद्दल माफी.

वकील_नाही_पण यांनी सांगितलं तसं केलं. दुरुस्तीच्या अर्जाला तहसीलमधून फोन आला की येऊन जा, मी म्हटलं साहेब त्रुटी लेखी कळवा, मी चाकणला आहे. दोन दिवस शांतता. मग कळवलं की जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल हवी. तेवढी एकच गोष्ट! ती माझ्याकडे होती, वडिलांनी पिशवीत जपून ठेवलेली, पिवळी पडलेली. भावाने नेऊन दिली. १५५ चा आदेश झाला, 'फ'चा 'क' झाला, वारसाचा फेरफार पडला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला. काल रात्री मी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड केला. आईचं नाव, आम्हा भावंडांची नावं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तिने विचारलं तुझ्या बापाचं नाव कुठे गेलं. काय सांगणार.

आज भाऊ तोच उतारा घेऊन पीककर्जासाठी बँकेत गेला होता. उताऱ्याखाली स्पष्ट छापलंय की डिजिटल स्वाक्षरी असल्याने सही-शिक्क्याची गरज नाही. तिथल्या साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे, फक्त याच्यावर तलाठ्याचा एक शिक्का मारून आणा."

अमळनेरना_भाचा

मना पास लई जाय भो.